राणीचं गाणं, दोन सूर खाली

म्युझिकलमध्ये ऑपेराच्या गळ्याला जागा ती केवढी? बाकीचे बोलता बोलता गातात. तयार गळ्याची गायिका लागते ती एखाद्या राणीसाठी, फार तर तिच्या दाईसाठी. नव्या नाटकात नशिबाने दोघीही होत्या. राणीचं गाणं आभाळाला हात लावणारं, दाईचं खालच्या सुरांतलं, भारदस्त. दिग्दर्शक ऑपेरा गाणाऱ्या ताईच्या जुन्या ओळखीतला होता. तो घरी आला आणि चाचणीबिचणी न घेता त्याने दाईची भूमिका पुढे केली.

"दाई?" पन्नाशीला टेकलेली ताई हसली. "अहो, राणीचा वरचा सूर मी रोज लावते इथे. विचारा हिला."

धाकटी बहीण शेजारी कीबोर्डपाशी बसली होती. ताईची साथ करण्यातच तिचा जन्म गेला होता.

"लावते," ती म्हणाली.

गळ्याच्या ऑपरेशननंतर ताई तो सूर लावायला गेली होती आणि चिरकली होती. मग तिने अन्न टाकलं. धाकटीला ते बघवेना. तिने कीबोर्डचं बटण दाबून पट्टी एक सूर उतरवली, पुढे आणखी एक. बोटं जागच्या जागी, आवाज तेवढा खालचा. कित्येक महिने न गायलेल्या ताईला फरक कळला नाही. कळून घ्यायचाही नसेल. सूर लागला, ताई जेवली. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून धाकटीने ती पुढे उघडलीच नाही.

आणि ताईने हातचं सोडलं, पळत्याच्या पाठी लागली. दाईची भूमिका दुसरीला गेली.

राणीच्या भूमिकेच्या चाचणीला थिएटरात जुना लाकडी पियानो होता. त्याला कुठलं आलंय बटण? धाकटीने बोटांनीच खालची पट्टी धरली. संगीत दिग्दर्शकाने लगेच हात वर केला.

"बाई, मूळ पट्टीत वाजवा. वाद्यवृंद तिथेच वाजवणार आहे."

सांगून टाकावं, असं धाकटीच्या ओठांपर्यंत आलं.

"वाजव ना गं," ताई म्हणाली.

धाकटीने वाजवलं. वर जाताना ताईचा आवाज फाटला. ताईने पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा नुसती हवाच आली. संगीत दिग्दर्शक फार हळू आवाजात "धन्यवाद" म्हणाला. त्याने खेकसायला हवं होतं, ते सोपं गेलं असतं.

बाहेर ताई बाकावर बसली. ती रडली असती तर धाकटीला बरं वाटलं असतं.

"घरी पट्टी कितीने उतरवायचीस?"

"दोन सूर. तुला वाईट वाटू नये म्हणून, ताई."

"दाईचं गाणं मी मूळ पट्टीत गायले असते," ताई म्हणाली. "तो विचारत होता तेव्हा तू माझ्या शेजारीच होतीस."

पलीकडच्या खोलीत नवी दाई तालीम करत होती. तिचा आवाज बेताचाच होता.