पाचवी जागा

वाळूजच्या त्या कारखान्यात कॉम्प्युटर बारा आणि मालाची चलनं छापायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये जागा पाच. एका वेळी पाचच जणांनी आत शिरायचं, असा परवाना. सहावा शिरायला गेला की पडदा तोंडावर सांगायचा, जागा नाही. आणखी जागा विकत घ्याव्यात तर प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपनीनं कधीच दुकान आवरलेलं. मग आपल्या लोकांनी आपला उपाय काढला. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसं सकाळी आल्या आल्या प्रोग्रॅम उघडायचा आणि उघडाच ठेवून चहाला, जेवायला, कुणाच्या लग्नालासुद्धा जायचं. काम असो नसो, जागा आपली!

ह्या जागांवर लक्ष ठेवायचं काम कडूबाचं. पिशोरच्या मेंढरं राखणाऱ्या घरातला हा गडी सहा महिने तात्पुरता होता. "सायेब, काम नसंल तर बाहेर निघा की जरा," असं विनवत टेबलाटेबलांवर फिरायचा. "अजून मेंढरंच हाकतोय बघा," लोक हसायचे. मेंढरं हाकली तर चालतात तरी, असं त्याच्या जिभेवर यायचं. पण कायम होण्याचा कागद डिस्पॅचच्या काकासाहेबांच्या सहीसाठी पडला होता, म्हणून तो गिळून घ्यायचा.

चौऱ्याण्णवचा जानेवारी होता. विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय आज जाहीर होतो की उद्या, हाच सगळ्यांच्या मनात विषय. कुणाच्या डोळ्यांत सोळा वर्षांची आस, कुणाच्या कपाळाला आठ्या, आणि एका टेबलावर डबे खाताना सगळे बोलत होते ते भाजीबद्दल. दंग्याच्या भीतीनं एसट्या बंद होणार म्हणून कंपनीची बस साडेतीनलाच सुटणार होती. कुणाचंच कामात चित्त नव्हतं.

दोन वाजता मॅनेजरनं कडूबाला बोलावलं. "पुण्याचा ट्रक तीनच्या आत गेटबाहेर पाहिजे. नाही गेला तर उद्या तू येऊ नकोस."

चलन छापल्याशिवाय गेट उघडत नाही आणि चलन छापणाऱ्या द्वारकाबाईंना प्रोग्रॅममध्ये जागा मिळेना.

"कडूबा, पाची भरल्यात रे," त्या कळवळून म्हणाल्या. "डायवर बाहीर बोंबलतोय."

चौघं खरोखर कामात होते. अर्ध्यावर सोडलं तर नोंदी पहिल्यापासून कराव्या लागतील म्हणून कुणी मान वर करीना. पाचवी जागा काकासाहेबांची. त्यांच्या केबिनला कुलूप. भावाचं गुलमंडीतलं कापडाचं दुकान वेळेत बंद करून घ्यायला ते बाराला गेले होते. कडूबानं दुकानावर तीनदा फोन लावला. नुसती घंटी वाजत राहिली.

सर्व्हरच्या खोलीत बसून एखाद्याला प्रोग्रॅमबाहेर काढता येत होतं. दोन बटणांचं काम. पण त्याच्या आधीचा ऑपरेटर साहेबराव ह्याच दोन बटणांनी घरी गेला होता. त्यानं काकासाहेबांना असंच काढलं, महिन्याच्या नोंदी बुडाल्या म्हणून त्यांनी आकांत केला आणि आठ दिवसांत साहेबराव पिशोरला परत. कडूबाला कॉम्प्युटर शिकवला तो त्यानंच. "काय बी कर," तो सांगायचा, "काकासायबाला हात लावू नको."

कडूबा खोलीत येरझारा घालत राहिला. हात लावला तर सही गेली, नाही लावला तर नोकरी. इकडं आड तिकडं विहीर. तीनला दहा कमी असताना त्यानं डोळे मिटून बटणं दाबली.

चलन निघालं, ट्रक गेला.

सव्वातीनला स्कूटर लावून काकासाहेब आले. केबिन उघडली आणि लगेच हाक आली. पडद्यावर नाव आणि पासवर्ड विचारला जात होता.

"म्याच काढलं, सायेब," कडूबानं सांगून टाकलं. "टरक खोळंबला व्हता. तुमचं लिवलेलं गेलं असंल."

काकासाहेबांनी उठून दार लावलं. खुर्चीत बसले, ते एकदम म्हातारे दिसायला लागले.

"काय जाणार?" ते हळू म्हणाले. "मला ह्यातलं ओ की ठो कळत नाही, कडूबा. सकाळी आपली टायपिस्ट आशाबाई प्रोग्रॅम उघडून देते. काचेतून पडदा दिसला की मॅनेजर समजतो, म्हातारा शिकला. बाहेर बोलू नको. घरी बसवतील मला."

कडूबाचा जीव भांड्यात पडला. हसूच यायला लागलं त्याला. आणि मग ते हसू जागच्या जागी थांबलं.

"सायेब, मग साहेबरावच्या टायमाला काय गेलं व्हतं?"

काकासाहेबांनी चष्मा काढला, पुसला. "मॅनेजर इथंच उभा होता. दाखवा म्हणाला, काय काम केलं ते. मी काय सांगणार होतो?"

कडूबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्या माणसाच्या लाजेपायी एक घर उठलं होतं, आणि साहेबरावच्या खुर्चीत आपण बसलोय! बोलायला त्यानं तोंड उघडलं.

तेवढ्यात काकासाहेबांनी ड्रॉवरमधून त्याचा कागद काढला, सही केली आणि पुढं धरला.

"उद्यापासून तूच उघडून देत जा," ते म्हणाले.

बाहेर बसचा हॉर्न वाजत होता. घेऊ नये, हे कडूबाला पक्कं कळत होतं. हात पुढं झाला, कागद खिशात गेला, आणि वर तोंडातून निघूनही गेलं, "लई उपकार झाले, सायेब."