वकीलबाईची लाल खूण

शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत नववीच्या मुलांनी पडद्यावरच्या प्रश्नांची उत्तरं पटापट दाबली आणि सगळ्यांपुढे हिरवी खूण उमटली. एकीपुढे मात्र लाल. तिला वर्ग वकीलबाई म्हणायचा, कारण पटल्याशिवाय ती कुणाचंच ऐकत नसे.

"ढकलणं थांबवलं की वस्तू थांबतेच," ती म्हणाली. "पुस्तक काही का म्हणेना."

विज्ञानाच्या बाईंनी तिला ऑनलाइन प्रयोग उघडून दिला. एक खोका, धक्का द्यायचं बटण आणि घर्षण कमी-जास्त करायची पट्टी. पट्टी शून्यावर नेली, तसा खोका सरकतच राहिला.

"हा कॉम्प्युटर आहे बाई. नाचवाल तसा नाचणार," वकीलबाई म्हणाली.

वर्ग हसला. बाईंनी हसणाऱ्यांनाच विचारलं, "तुम्हाला पटतंय का हे?" पाठ सगळ्यांचं होतं, पटलं कुणालाच नव्हतं.

तेवढ्यात मुख्याध्यापक आत आले. शाळेच्या तपासणीसाठी त्यांना शंभर टक्के निकाल हवा होता. "एक लाल कशाला ठेवता? उत्तर सांगा तिला आणि विषय मिटवा."

"नाही सांगणार सर. तिचं चुकलंय, पण ते तिचं स्वतःचं आहे. बाकीच्यांची उत्तरं उसनी आहेत."

"मग उद्यापासून कॉम्प्युटरची खोली तुम्हाला मिळणार नाही."

दुसऱ्या दिवशी बाई स्वतःचा फोन, डब्याचं झाकण, एक काच आणि साबणाचं पाणी घेऊन वर्गात आल्या. "आधी अंदाज सांगायचा, मग धक्का द्यायचा," त्यांनी वकीलबाईला बजावलं. खरखरीत फरशीवर झाकण लगेच अडलं. बाकावर जरा पुढे गेलं. साबण लावलेल्या काचेवर ते सुळकन जाऊन पलीकडे खाली पडलं. पुढच्या दोन्ही वेळी तिचा अंदाज कमीच निघाला.

"धक्का तर मी सारखाच दिला," ती पुटपुटली. "म्हणजे ते आपलं आपण थांबत नाही. जमीन थांबवते त्याला."

"आणि थांबवणारं कुणीच नसेल तर?"

तिने तोच प्रयोग उघडलेला बाईंचा फोन ओढून घेतला आणि पट्टी स्वतःच्या बोटाने शून्यावर नेली. "मग ते थांबणारच नाही," ती म्हणाली.

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "बाई, माझी हिरवी खूण पुसा. मला कळलंच नव्हतं." मग आणखी हात वर आले. बाईंनी फोनवरूनच सगळ्यांची उत्तरं पुसून टाकली.

दारात मुख्याध्यापक उभे होते. "खोली बंद केली होती ना मी?"

"खोलीच तेवढी बंद केलीत सर," बाई म्हणाल्या आणि फळ्याकडे वळल्या.

"पण बाई," वकीलबाई उठली, "वर फेकलेल्या चेंडूला हात सोडल्यावर वर ढकलणारं काही नसतं, हे मला अजून पटलेलं नाही."

"नसू दे. उद्या चेंडू घेऊन ये."