नऊ ड्राफ्ट राहिले

मी ब्राउझर बोलतोय. इंटरनेटवरची पानं ज्या खिडकीतून दिसतात, ती खिडकी मी. बंगळूरच्या चामराजपेटमधल्या एका छापखान्यात, पुढच्या खोलीतल्या कंप्युटरवर मी अकरा वर्षं काम केलं. आज दुपारी मला पुसणार आहेत. तोवर बोलतो.

माझ्या जन्माचं कौतुक नको. कुठल्या तरी कंपनीत माणसांनी मला बनवलं आणि जगाला फुकट वाटलं. फुकटच्या वस्तूला माणूस जसा वागवतो, तसंच मला वागवलं.

या कंप्युटरवर माझ्याआधी एक होता, कंप्युटरबरोबरच आलेला. त्याच्याकडून शेवटचं काम कोणतं करून घेतलं? मला बोलावून आणायचं. शेजारचा झेरॉक्सवाला कृष्णमूर्ती छापखान्याच्या मालकीणबाईंना, गोजराबाईंना, म्हणाला होता, "अक्का, हा म्हातारा झाला. तो नवा घाला. सगळे तोच वापरतात." तो स्वल्प हळू चालायचा, पण चालायचा. मला त्याची कीव आली नाही. आल्या आल्या मी विचारलं, यापुढे सगळी पानं माझ्यातच उघडू का? गोजराबाईंनी हो केलं. त्याला पुन्हा कुणी हाक मारली नाही.

माणसं ब्राउझर का बदलतात, ते मी जवळून पाहिलंय. वेग हवा म्हणतात. वेग मिळाला की तेवढाच वेळ जांभया देत बसतात. चाळीस पानं उघडी टाकायची, एक मिटायचं नाही, आणि मी दमलो की मला शिव्या. बँकेचं पान अडलं तरी दोष माझा. खरं कारण एवढंच, की दुसऱ्याकडचं नवं पाहिलं की आपलं जुनं चारचौघांत दाखवायची लाज वाटते.

छापखाना हणमंतरावांचा. लग्नपत्रिका छापतात. शाळा चौथीपर्यंत, तीही कन्नड. बोलणं कमी. मागच्या खोलीत मशीन चालवायचे आणि पुढे बायको, गोजराबाई, ग्राहक सांभाळायच्या. पत्रिकांचा मजकूर मेलवर यायचा. मेल त्यांचा, पासवर्ड त्यांचा. एकदा टाकला, मी विचारलं, लक्षात ठेवू? हो म्हणाल्या. तेव्हापासून मी मेल आपोआप उघडून देत होतो.

स्वतःचा आजार कळला तेव्हा गोजराबाईंनी एक सवय लावून घेतली. नवऱ्याशी बोलावं तर मशीनचा आवाज, आणि मशीन बंद असलं तर नवरा बंद. म्हणून त्या मेल लिहायच्या आणि पाठवायच्या नाहीत. त्याला ड्राफ्ट म्हणतात. भाषा मराठी, अक्षरं कन्नड, कारण नवऱ्याला तीच वाचता येतात. "काल भाजीत मीठ नव्हतं. तुम्ही गुपचूप जेवलात. एक शब्द बोलला असता तर काय झालं असतं?" असे एकशे ऐंशी.

त्या गेल्या. महिन्याभरानं हणमंतराव खुर्चीत बसले, मी मेल उघडला आणि त्यांना ड्राफ्ट दिसले. ताजे वर असतात, जुने तळाशी. त्यांनी तळ गाठला. कामाला सुरुवात पहिल्यापासून करायची, मधूनच उचलायचं नाही, ही त्यांची शिस्त. पडद्यावर बोट ठेवून रोज दुपारी एकच वाचायचे. कधी "सरी" म्हणायचे, म्हणजे बरं. बायको असताना एवढंही म्हणत नव्हते.

एकशे एकाहत्तर वाचून झाले होते. मग नात आली.

भव्या. मुलीची मुलगी, मारतहळ्ळीच्या एका ऑफिसात नोकरीला. पत्रिकेचं एक डिझाइन उघडून बघत होती. मी वेळ घेतला.

"ताता, हे काय वापरताय? आमच्याकडं याला म्युझियम म्हणतात."

"चालतंय."

"चालतंय कुठं, रांगतंय." तिनं माझ्याच हातून नवा उतरवून घेतला. मी आणून दिला. आमच्यात तशीच रीत आहे. नव्यानं विचारलं, जुन्याकडचं सगळं घेऊ? भव्या थांबली.

"अज्जीच्या मेलचा पासवर्ड ठाऊक आहे ना तुम्हाला?"

हणमंतरावांनी पासवर्ड कधी पाहिला नव्हता. मेल उघडायचा, एवढंच त्यांना माहीत. पण नातीसमोर नाही म्हणायचं?

"ठाऊक आहे."

"मग हा कचरा नको." तिनं नको दाबलं, माझं चित्र पडद्यावरून उडवलं आणि गेली. मला मुळापासून काढलं नाही. तेवढा वेळ तिला नव्हता.

दुसऱ्या दुपारी नव्यानं पासवर्ड मागितला. हणमंतरावांनी बायकोचं नाव टाकलं. छापखान्याचं टाकलं. लग्नाची तारीख टाकली. मग पान म्हणालं, गोजराबाईंच्या फोनवर आकडा पाठवतो. तो नंबर हणमंतरावांनीच बंद केला होता. लोक फोन करून "अक्का आहेत का?" विचारायचे, रोज तेच उत्तर द्यावं लागायचं. शेवटी पानानं दार लावून घेतलं.

रोज दुपारी ते बसत राहिले. मी आतच होतो, पासवर्डासकट. कोपऱ्यातल्या यादीत माझं नाव होतं. दोनदा बोट दाबलं असतं तर मेल समोर आला असता. त्यांना वाटलं मी गेलो. मी ओरडू शकत नाही, आणि शकलो असतो तरी ओरडलो नसतो. ज्यानं मला कचरा म्हणू दिलं, त्याला मी का हाक मारू?

कृष्णमूर्ती एकदा डोकावला. "काय अण्णा, मेल उघडत नाही काय? पोरीला फोन घाला, दोन मिनिटांचं काम."

"उघडतंय. तू तुझं झेरॉक्स बघ."

"नुसतं पान बघत बसलाय म्हणून विचारलं."

"वाचतोय."

आज भव्या लॅपटॉप घेऊन आलीय. हा कंप्युटर संध्याकाळी गुजरीवाल्याकडं, भंगारात जाणार. त्याआधी सगळं पुसायचं. तिनं पुसायच्या बटणावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ताता, यातलं काही हवंय का? नंतर मिळणार नाही हं."

हणमंतराव तिच्या मागं उभे होते. ओठ हलले. एवढंच म्हणायचं होतं, पासवर्ड मला माहीत नाही. बाकीचं तिनं केलं असतं.

"काही नाही," ते म्हणाले.

"नक्की?"

"एकदा सांगितलं ना."

पडद्यावर पट्टी भरत चाललीय. विनंती करायची माझी रीत नाही. जाता जाता एक गोष्ट सांगतो, तीही तुम्हाला, त्यांना नाही. न वाचलेल्या नऊ ड्राफ्टांतला सगळ्यात वरचा माझ्यातच लिहिला गेला. पहिल्या दिवशी वरून वाचायला घेतलं असतं तर तो आधी हाती आला असता. त्यात गोजराबाईंनी लिहिलंय, "तुम्ही कुणाला विचारणार नाही, मला ठाऊक आहे. म्हणून पासवर्ड खाली देते. आत्ताच कागदावर उतरवून घ्या."

खाली पासवर्ड आहे. अकरा वर्षांत मी तो कुणाला सांगितला नाही. आजही नाही सांगणार.

पट्टी भरत आली. हणमंतराव मागच्या खोलीत गेले. मशीन सुरू झालं.