जावईबापूंची शिकवणी

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. मास्तर तो दाबायचे, पण आधी शिकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून. त्यांच्या शेजारी बसून भल्याभल्यांना घाम फुटायचा.

जावयाला शिकवायची वेळ आली आणि याच मास्तरांची दातखीळ बसली. लेकीच्या नवऱ्याला बोलायचं कसं? सिग्नल आला की ते गुपचूप स्वतःच ब्रेक दाबायचे आणि वर म्हणायचे, "छान थांबवलीत हं!" गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला. परीक्षेत दोनदा आपटला, तर परीक्षा घेणाऱ्यालाच अक्कल नाही म्हणाला. लायसन्स काही मिळालं नाही.

रविवारी दुपारी तो मित्राकडून पिऊन आला आणि मास्तरांपुढे हात पसरून उभा राहिला.

"बाबा, गाडीची चावी द्या. एक चक्कर मारून येतो."

दारूचा भपकारा मास्तरांच्या नाकात शिरला. "जरा पडता का, जावईबापू?" एवढंच त्यांच्याच्याने म्हणवलं. जावयाच्या कपाळाला आठी पडली. मास्तरांनी मुकाट्याने चावी दिली. ती घरची गाडी होती, एकाच ब्रेकची.

वीस मिनिटांनी जावई धापा टाकत पायी परतला. सिग्नलला गाडी थांबलीच नव्हती. रस्ता ओलांडणारी एक बाई जागच्या जागी गेली होती. गाडी तिथेच टाकून तो पळाला होता. पाठोपाठ गाडीच्या मालकाला पोलिसांचं बोलावणं आलं.

वाटेत लेक मास्तरांचा हात धरून म्हणाली, "बाबा, तुम्हीच चालवत होता म्हणा. तुमच्याकडे लायसन्स आहे, तुम्ही थेंबभर घेत नाही. ते मात्र कायमचे आत जातील. माझ्या संसाराची राखरांगोळी होईल हो."

मास्तरांनी मान डोलावली. एकुलती एक लेक होती, तिच्यासाठी ते फासावरही गेले असते.

चौकीत बाकावर त्या बाईचा नवरा बसला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला तो एकच सांगत होता, "ती सिग्नल बघूनच रस्ता ओलांडते हो."

मास्तर त्याच्यासमोर थबकले.

"गाडी कोण चालवत होतं?" हवालदाराने विचारलं.

"माझे जावई," मास्तर म्हणाले. "ते प्यालेले होते. त्यांना गाडी येत नाही, लायसन्सही नाही. सगळं माहीत असून मी चावी दिली."

हवालदार लिहू लागला. लेकीने बापाचा हात सोडला.

"हेच दुपारी त्यांच्या तोंडावर का नाही बोललात, बाबा?"