मोठ्याने सांगितलेले माप

मित्रांनो, शिलाई मशीनशेजारी खिळ्याला लटकलेली, आकडे पुसट झालेली ती जुनी टेप म्हणजे मी. कारखान्यातून आले तेव्हा पिवळीधमक होते. माझी मालकीण शाळेतल्या मुलींचे गणवेश शिवते. "बाईंचं माप कधी चुकत नाही," असे लोक म्हणत, तेव्हा तिच्या गळ्यात मिरवणाऱ्या माझ्याच अंगावर मूठभर मांस चढे.

शाळेच्या हॉलमध्ये मुली रांग लावत. मालकीण माप घेई आणि आकडा ओरडून सांगे, कारण लिहून घेणारी तिची नणंद पार दाराशी बसे. एका वर्षी रांगेत मालकिणीची लेक आली. आकडा ओरडून झाल्यावर मालकीण गमतीने म्हणाली, "हिला कापड जरा जास्तच लागणार गं बाई!" सगळा हॉल खो-खो हसला. लेकही हसली.

पण तेव्हापासून तिचा डबा भरलेलाच परत येऊ लागला. ऐन उकाड्यात ती स्वेटर घाली. दार लावून मला कमरेभोवती इतके आवळी, की माझे आकडे झिजले. मला फार वाईट वाटे, पण मला कुठले बोलता येते?

पुढे शाळेतल्या समुपदेशक ताईंनी काही मुलींचा गट केला. लेक मला दप्तरात घालून तिथे गेली. ताईंनी प्रत्येकीला दोरी दिली. "आपली कंबर केवढी वाटते, तेवढा गोल जमिनीवर करा. अंदाजानंच हं!"

मग ज्या-त्या मुलीने आपल्या गोलात उभे राहायचे होते. बहुतेकींचे गोल मोठेच निघाले. लेकीच्या गोलात तर तिची मैत्रीण चिमणीही शिरली. "अगं, यात आपण दोघी मावतोय!"

लेकीला रडू फुटले. "आईनं सगळ्यांसमोर सांगितलं ना, तेव्हापासून मी मला एवढी मोठी दिसते."

ताईंनी धीर दिला, तेव्हा घरी जाऊन तिने आईलाही हेच सांगितले.

"अगं, मी तर सगळ्यांचंच ओरडून..." मालकीण म्हणाली. मग तिने मला स्वतःच्या कमरेभोवती घेतले. "घे माझं माप. मोठ्यानं सांग, आत्याला ऐकू जाऊ दे."

लेकीने आकडा पाहिला. मला गुंडाळत ती हळूच म्हणाली, "कशाला सांगायचं गं कुणाला?"

मालकीण पदरात तोंड लपवून रडली.

आता हॉलच्या कोपऱ्यात पडदा असतो आणि आकडा नणंदेच्या कानात सांगितला जातो. मित्रांनो, माझ्यावरचे आकडे पुसले गेले, पण त्या मुलीच्या कानातला आकडा काही केल्या पुसत नाही. म्हणून कुणालाही मोजताना आवाज जरा खाली ठेवा.

लेक अजून मापाला येत नाही. जुन्या ढगळ गणवेशावरच भागवते. सगळ्या मुली गेल्या, तरी मालकीण मला हातात धरून पडद्याआड थांबलेली असते.