जोडव्याचा पासंग

मी देवणीच्या बाजारातला, विरूपाक्ष आप्पांच्या दुकानातला जुना तराजू. माझं ऐकताना माझ्याकडे संशयानं बघू नका. आज ते पुष्कळ झालंय.

उदगीरला घडलो, इथं गूळ-डाळ तोलत आलो. तोलायला बहुधा आप्पांच्या पत्नी महानंदाबाई असत. एकदा आपटून माझं मालाचं पारडं फुटलं. नवं बसवलं ते जरा जड निघालं. बाईंनी आपलं तुटकं जोडवं वजनाच्या पारड्याखाली दोऱ्यानं बांधलं आणि माझी दांडी सरळ झाली. अशा भरपाईला पासंग म्हणतात.

गेल्या मार्गशीर्षात बाई गेल्या. आप्पा रोज सकाळी मला पुसतात. त्या पारड्याखाली त्यांचा हात थोडा थांबतो.

आज सून अंबिकानं डिजिटल काटा आणला. दांडी नाही, पारडं नाही, नुसते लाल आकडे. मला तो पटला नाही. गूळ न्यायला आलेल्या तारामतीबाईंनाही नाही.

"ह्याच्या पोटात काय चालतंय, कुणाला दिसतंय? जुना निदान डोळ्यापुढं झुकायचा."

अंबिका मला उतरवू लागली आणि थबकली. "मामा, ह्याच्या खाली काय बांधलंय?"

तारामतीबाईंनी वाकून पाहिलं. "आप्पा, इतकी वर्सं असं बांधून तोललंत व्हय आमाला?"

आप्पांनी मला रिकामाच उचलून धरलं. माझा काटा मधोमध उभा. मग त्यांनी गाठ सोडली. मालाचं पारडं खाली गेलं.

"हे नसतं तर तुमचा माल कमी भरला असता, तारामती. तिनं तुमच्यासाठीच बांधलं होतं."

तारामतीबाईंनी जोडवं हातात घेतलं. "महानंदीच्या पायातलं हाय की हे," त्या हळूच म्हणाल्या.

आप्पांनी ते नव्या काट्यावर ठेवलं. आकडा शून्यच राहिला.

"दहा ग्रॅमच्या आतलं त्याला कळत न्हाई, मामा," अंबिका म्हणाली.

आप्पांनी जोडवं उचललं आणि पुन्हा माझ्या पारड्याखाली बांधायला घेतलं. गाठ बसेना. तारामतीबाईंनी दोऱ्याचं दुसरं टोक धरलं.

आता मी खुंटीवर रिकामा लटकतोय. उद्या माळ्यावर टाकलंत तरी तक्रार नाही. एवढंच करा, तो दोरा सोडू नका. त्याच्यावाचून मी खोटा आहे.