एकाच नावाचं ॲप

आमच्या निरंजनचं सगळंच जगावेगळं. पुण्याला नोकरी लागल्यावर त्याने फोनमधली कंपनीची सिस्टिम पुसून दुसरीच टाकली. तिचा कोड म्हणे उघडा असतो, कोणीही वाचून खात्री करावी. व्हॉट्सॲप वर्ज्य. बुऱ्हाणपूरला आला तेव्हा माझ्या फोनातही बोलण्यासाठी एक वेगळं ॲप घालून दिलं.

"माय, आता यावरच बोलू. यात कोनी डोकावत नाही."

"माझ्या वांग्याच्या भरितात कोन डोकावणार आहे रे?"

तो हसला, पण ॲप ठेवूनच गेला. हट्टात बापाच्या वरताण.

त्या ॲपात एकच नाव होतं, त्याचं. ते वाजलं की हात पिठाचे असले तरी मी फोन घ्यायचे. तिकडे मित्रांचे बेत व्हॉट्सॲपवर ठरत, याला पत्ता नसे. मग संध्याकाळी खोलीवर एकटा बसून माझ्याशी बोलायचा. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर फुगली का, केळीच्या गाड्यांनी रस्ता अडवला का, सगळं विचारायचा. मला फार बरं वाटायचं. आणि पोर एकटं पडलंय म्हणून जीवही तुटायचा.

त्या सिस्टिमपायी त्याच्या फोनात बँकेचं ॲप उघडत नसे. दिवाळीला घरी आला तेव्हा त्याने शनवारा चौकात मावा जिलेबी बांधून घेतली, आणि पैसे द्यायला दुकानातून मला बोलावलं. घरी आल्यावर मी चांगलंच झापलं. "पुरे झाले तुझे नखरे. चार लोकांसारखा फोन घे, चार लोकांत राह."

त्याने ऐकलं.

"माय, घेतला नवा फोन. सगळं चालून राहिलं आता. घरच्या ग्रुपवरच भेटत जाऊ."

ग्रुप माझ्या धाकट्या जावेचा, प्रतिभाचा. तिथे रोज सकाळी निरंजनचे जोडलेले हात येतात, सगळ्यांना मिळून. परवा मी भरिताचा फोटो टाकला, त्यावर त्याचा अंगठा आला. प्रतिभाच्या नव्या पडद्यांवरही तसाच अंगठा. संध्याकाळी फोन केला तर मागे पोरांचा हसण्याचा आवाज. "माय, बाहेर आहे, नंतर करतो." मीच मागितलं होतं, आता कोणाच्या नावाने बोटं मोडू?

"ताई, ते जुनं ॲप काढून टाका," प्रतिभा म्हणाली. "फुकट जागा अडवून राहिलं."

मी राहू दिलं. पोरगं रोज ग्रुपवर दिसतं आणि तरी मला त्याची फार आठवण येते. काल त्या ॲपात लिहिलं, 'निरू, जेवला का?' एकच टिक आली. त्याने तिकडचं ॲप काढलंय, दुसरी येणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी आज भाकरी थापताना पिठाच्या हातानेच फोन उघडून पाहिला.